जिन्याखालचा संडास

धनराजांना अर्धांगवायूचा झटका फेब्रुवारी २००१ मध्ये आला. डावी बाजू गेली. एप्रिलपर्यंत ते काठी आणि कठडा धरून चालू लागले, पण चालत ते एकाच कारणासाठी. पाथर्डी फाट्याजवळच्या त्यांच्या रो-हाउसमध्ये खाली हॉल आणि स्वयंपाकघर होतं. झोपायच्या खोल्या, न्हाणी आणि संडास वर. आजारपणात त्यांची कॉट हॉलमध्ये आणली होती. त्यामुळे दिवसातून तीन-चार वेळा तेरा पायऱ्या चढाव्या लागत आणि उतराव्या लागत.

व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीला त्यांनी दाद दिली नाही. दाबायला दिलेला चेंडू ते उशीखाली सरकवत. मी काय बालवाडीत आहे का, म्हणत. तिने शेवटी त्यांच्या पत्नीला, मोहिनीबाईंना, बाजूला घेतलं.

"काकू, यांचा जिना तेवढा सुटू देऊ नका. जिना सुटला की पाय सुटला."

जुलैमध्ये त्यांच्या मुलाने, संतोषने, जिन्याखाली संडास बांधायचं ठरवलं. मोहिनीबाईंनी त्याला एकदाच सांगितलं, नको. कारणही सांगितलं. तो म्हणाला, शेजारी बघतात, आजारी बापाला जिना चढायला लावतो म्हणतात. त्याचे डोळे भरले होते.

धनराज महापालिकेच्या ड्रेनेज खात्यातून मुकादम म्हणून निवृत्त झाले होते. खुर्ची टाकून ते कामावर देखरेख करत. नवा पाइप अंगणातल्या जुन्या सेप्टिक टाकीला जोडायचा होता. वरच्या संडासाचा पाइपही तिथेच येत होता.

"भिमाजी, ढाळ नीट दे. पाणी काय माझ्यासारखं काठी टेकत जाणार आहे?"

"साहेब, आता कॉटवरनं उठलं की हजर," भिमाजी गवंडी म्हणाला. "लय सोय झाली."

अकरा दिवसांत काम झालं. पांढरं कमोड, धरायला स्टीलची दांडी.

पुढचे नऊ दिवस धनराज एकदाही वर गेले नाहीत. दहाव्या दिवशी संतोष सातपूरला कंपनीत आणि सून तेजस्विनी तिच्या शाळेत शिकवायला गेल्यावर मोहिनीबाईंनी नव्या दाराला कुलूप लावलं. टाकी तुंबलीय, वर चला, असं त्यांनी सांगितलं. धनराजांनी कुलपाकडे पाहिलं आणि काठी मागितली. संध्याकाळी तेजस्विनी यायच्या आधी कुलूप निघालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लागलं.

रविवार सोडून असं बारा दिवस चाललं. मोहिनीबाई दोन पायऱ्या मागे राहत, हात पुढे धरून, पण न लावता. पहिल्या दिवशी वर पोचायला सात मिनिटं लागली, आठव्या दिवशी चार.

बाराव्या दिवशी ते नवव्या पायरीवर थांबले. पायजमा घाण झाला. मोहिनीबाईंनी त्यांना तिथेच बसवलं आणि बादली आणली. त्या पुसत असताना ते भिंतीकडे बघत म्हणाले, "टाकी तुंबली असती तर वरचं सगळं खालच्या कमोडमधून घरात आलं असतं."

मोहिनीबाईंचा हात थांबला.

"कधी लक्षात आलं?"

"पहिल्याच दिवशी. तीस वर्षं काय केलं मी?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुला वाटत होतं मी चढावं. चढलो. आता उघड ते. हे असं परत नको."

मोहिनीबाईंनी त्यांचे कपडे बदलले, पायरी धुतली आणि कुलूप काढलं.

धनराज पुन्हा वर गेले नाहीत. ऑक्टोबरमध्ये डावं पाऊल फरशीवर घासू लागलं. दिवाळीत कॉटपासून कमोडपर्यंतच्या सहा पावलांना दोन माणसं लागत होती.

भाऊबीजेला धनराजांची बहीण वत्सलाबाई इगतपुरीहून आल्या. भावाला त्यांनी कॉटवरच ओवाळलं. संतोषने त्यांना जिन्याखालचं दार उघडून दाखवलं.

"बरं झालं आत्या, वेळेवर बांधून घेतलं. आता जिना चढणं त्यांना झेपलंच नसतं."

वत्सलाबाईंनी आत डोकावून पाहिलं, दांडी हलवून बघितली आणि वहिनी नशीबवान आहे असं म्हणाल्या. मोहिनीबाईंनी मान हलवली. मग चहा कोणाकोणाला हवाय ते विचारलं.