ताप नाही

साहेब, खोटं तुम्ही बोललात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहून, नाकाला रुमाल लावून म्हणालात, "इथं कुणाला ताप नाही. लोकांना ह्या पाण्याची सवय झालीय." मग रुमाल कशाला? अत्तराचा वास घ्यायला?

नळाला पहिल्यांदा गटाराचं पाणी आलं, तेव्हा अख्खी गल्ली घागरी वाजवत तुमच्या नगरपालिकेच्या फाटकावर आली होती. सगळ्यांच्या पुढं नबीसाब, टॉवेलचा टेम्पो चालवणारा. पुन्हा आलं, निम्मी गल्ली आली. नंतर आम्ही नळाला फडकं बांधायला शिकलो. गल्ली गप झाली. तुम्ही त्या गप बसण्याला आरोग्य म्हणालात.

मग नबीसाबला जुलाब लागले, अंग भट्टीसारखं झालं. पण तुमचं ताप तपासायचं शिबिर गल्लीत आलं त्या सकाळी अंग गार. तुमच्या माणसानं ती पिस्तुलासारखी तापमापी कपाळावर रोखली. "ताप नाही. घरी जा." त्याची बायको नूरबी एवढी हरखली की तिनं शेजाऱ्यांच्या हातावर साखर ठेवली. मीही खाल्ली.

दुपारी नबीसाब मला ओळखेना. मी हरिबा, भिंतीला भिंत लावून राहणारा. माझा हात धरून म्हणाला, "सायेब, पाण्याचं बगा की."

तसाच रिक्षात घातला. दवाखान्यात डॉक्टर प्रियदर्शनींनी नाडी बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. "जंतू रक्तात गेलेत."

"पर बाई, ताप तर उतरलाय की!" नूरबी म्हणाली.

"उतरला नाही मावशी, अंगानं दाबला. जंतूचं विष पहिल्यांदा दिसलं की पांढऱ्या पेशी आग पेटवतात, त्यानं ताप येतो. तेच विष परत परत आलं की त्याच पेशी आग आवरतात. नाहीतर त्या आगीत माणूसच जळेल. शहाणपणच ते. पण आवरता आवरता जित्या जंतूकडंही कानाडोळा होतो."

"म्हंजे आमची गल्लीच की," मी म्हणालो.

सलाईन लागलं, औषधं सुरू झाली. नूरबी उशाशी बसून एकच दुवा मागत होती, "या अल्ला, ताप चढू दे." नवऱ्याला ताप यावा म्हणून पदर पसरणारी बाई बघितलीय कधी, साहेब?

आज सकाळी ती वॉर्डातून ओरडली, "चढला! हरिबाभाऊ, ताप चढला!"

डॉक्टर म्हणाल्या, "धोका टळला नाही अजून. पण अंग जागं होतंय."

नबीसाबनं डोळे उघडले, ह्या वेळी मला ओळखलं. "हरिबा, घागरी कुटं हायत?"

हायत की. तुमच्या फाटकावर वाजतायत. तुमचा शिपाई म्हणतो, साहेबांच्या डोक्याला ताप नको. बाहेर या, साहेब. ते पिस्तूल घेऊन या, एकेकाच्या कपाळाला लावा आणि ह्या सगळ्यांच्या देखत सांगा: गल्लीला ताप आहे का नाही?