सातव्या फ्रेटवरचे पीठ

मित्रांनो, माझे वय माझ्या मानेवरून ओळखावे. मी काळ्या रंगाची, सहा तारांची इलेक्ट्रिक गिटार आहे आणि नरडाण्याच्या एका घरात गव्हाच्या कोठीशेजारी खिळ्याला टांगलेली आहे. माझ्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या आहेत, त्यांना फ्रेट म्हणतात. पाचव्या फ्रेटपासून आठव्यापर्यंतचे लाकूड घासून पार गुळगुळीत झाले आहे. बाराव्याच्या पुढे मात्र अजून दुकानातली चकाकी आहे, कारण तिथपर्यंत कोणी पोचलेच नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. मला आठवते ते जळगावचे वाद्यांचे दुकान. तिथे मी ढोलक्या आणि बँजोंच्या गर्दीत दीड वर्ष लटकले. लग्नातले बँडवाले येत, मला उचलून बघत आणि शेवटी बँजोच घेऊन जात. मला फार राग येई. दिसायला मी त्या बँजोंपेक्षा कितीतरी देखणी होते, आणि हे मी आजही सांगते.

मग एके दिवशी योगेंद्र आला. आयटीआय करून नरडाण्याच्याच एका कारखान्यात तो नुकता लागला होता. पहिल्या पगारात त्याने मला आणि माझ्या आवाजाच्या छोट्या डब्याला, म्हणजे अँप्लिफायरला, घरी आणले. त्याच्या आईने, भिकुबाईने, मला आधी सगळीकडून न्याहाळले आणि मग जुन्या लुगड्याची पिशवी शिवून दिली. एवढ्या रुबाबदार वाद्याला लुगड्याची पिशवी! पण खरे सांगते, तिच्यात ऊब होती.

योगेंद्रला ब्लूज-रॉकचे वेड होते. सगळी वाद्ये मागे राहतात आणि एकटी गिटार पुढे येऊन बोलू लागते, तसे त्याला वाजवायचे होते. मोबाइलवर बघून तो पेंटाटॉनिक स्केल शिकू लागला. नाव मोठे, पण सूर पाचच. त्या पाच सुरांच्या माझ्या मानेवर पाच चौकटी बसतात, खालपासून वरपर्यंत. पहिली चौकट पाचव्या फ्रेटपाशी सुरू होते. ती त्याने आठ दिवसांत पाठ केली आणि मग रोज तेच सुरू झाले. खालून वर, वरून खाली, आधी हळू, मग जोरात. बोटांना घट्टे पडले, पण गाणे काही होईना.

भिकुबाई ओट्यावर गहू निवडता निवडता हे ऐकत असे. एके दिवशी सूप खाली ठेवून ती म्हणाली, "भाऊ, तू नुसता जिना चढस आनि उतरस. तुले जानं कोठे शे?"

योगेंद्र हसला. त्याला वाटले, आईला यातले काय कळते? मलाही तसेच वाटले होते.

पण मित्रांनो, भिकुबाई म्हणजे गल्लीतली कानबाईची गाणी म्हणणारी बाई. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. घरात जितके पुरुष, तितक्यांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू मोजून घेतात आणि दळून त्याचे रोट करतात. ते रोट घरच्यांनीच खायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी देवीला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर नेतात. निरोपाच्या गाण्यात एका जागी भिकुबाई सूर खालून उचलायची आणि ओढत ओढत वर न्यायची. त्या वेळी फुगडी खेळणाऱ्या बायकाही थांबत.

अशी ओढ माझ्यातही असते. तिसरी तार सातव्या फ्रेटवर दाबायची आणि बोटाने ढकलत ती दोन फ्रेट पुढच्या सुरापर्यंत चढवायची. योगेंद्रची ओढ नेहमी थोडी कमी पडे. त्याचे सगळे लक्ष बोटांवर, कान कुठे होता कोण जाणे.

त्या श्रावणात त्याच्या मित्राने, स्वप्नीलने, मला आपल्या बँडच्या गाडीवर घेतले. मिरवणुकीत योगेंद्रने पाचही सूर दौडवले. कोणी वळूनही पाहिले नाही. मी शरमेने अर्धी झाले. तेवढ्यात पुढे चाललेल्या भिकुबाईने निरोपाचे गाणे उचलले आणि सूर ओढायला घेतला. योगेंद्रने तिसरी तार धरली आणि तिच्या मागोमाग ढकलू लागला.

चालता चालता ती मागे वळली. डोक्यावर देवी होती, म्हणून मान न हलवता नुसत्या डोळ्यांनी तिने त्याला आणखी वर यायला सांगितले. मग म्हणालीच, "आखो वर, भाऊ. आखो जराखा."

तिने सूर पुन्हा धरला, त्याने ढकलली आणि तार पोचली. भिकुबाईचा सूर आणि माझा सूर एक झाला. त्या दिवशी मी पहिल्यांदा वाजले असे मी मानते. घरी आल्यावर योगेंद्र म्हणाला, "माय, आते बाकीन्या चार चौकटी शिकस. बाराव्या फ्रेटवर जाईसन तुनं गानं वाजाडस." मी ते शब्द जपून ठेवले आहेत.

पुढच्याच महिन्यात कारखान्याने माणसे कमी केली. योगेंद्र सुरतेला कापडाच्या गिरणीत गेला. दहा बाय दहाच्या खोलीत पाच जण राहणार होते, तिथे माझी सोय नव्हती. त्याने मला खिळ्याला टांगले आणि म्हणाला, "दिवाईले येस."

दिवाळीला तो आला, पण एका दिवसासाठी. त्यानंतर तीन श्रावण गेले. सुरतच्या मालकाला कानबाई माहीत नाही, त्यामुळे सुटी मिळत नाही. मी टेकलेली असते त्या भिंतीमागून सुरतेच्या रेल्वेगाड्या जातात आणि माझ्या तारा आपोआप थरथरतात. प्रत्येक गाडीला मला वाटते, ही थांबली असेल आणि तो उतरला असेल. उंदराने आवाजाच्या डब्याची वायर खाल्ली. तारांना गंज चढला, सूर उतरले. रागवावे तरी कोणावर?

त्यातच भिकुबाईच्या घशाचे ऑपरेशन धुळ्याला झाले. योगेंद्र परस्पर दवाखान्यात आला आणि तिथूनच परत गेला. ती बरी झाली, बोलूही लागली, पण आवाज चिरका झाला. गाणे गेले. हे तिने त्याला सांगितले नाही. फोनवर एवढेच म्हणे, "घसा बसना जरासा."

यंदाही तिने त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू काढला. रोटाचे पीठ मळत असतानाच त्याचा फोन आला. तिने पिठाच्या बोटानेच स्पीकर लावून फोन खाटेवर ठेवला.

"माय, सुटी नही भेटनी."

"ऱ्हाऊ दे, भाऊ."

"मंग निरोपनं गानं तरी म्हन ना. तेवढंच ऐकस."

भिकुबाईने तोंड उघडले, पण नुसता वारा आला. पलीकडून तो विचारत राहिला, "माय? काय झायं, माय?" तेव्हा तो कशाला भ्याला हे मला कळले. मीही त्याच गोष्टीला भीत होते. तो सूर तिच्या गळ्याशिवाय कुठेच नव्हता.

भिकुबाई उठली. तिने मला खिळ्यावरून काढले, मांडीवर आडवे घेतले आणि फोनजवळ सरकली. गहू निवडता निवडता ती त्याची बोटेही बघत होती, हे मला तेव्हा उमगले. तिने बरोबर तिसरी तार, बरोबर सातवा फ्रेट धरला. बोटावर बोट ठेवून तार दाबली, छेडली आणि ढकलू लागली. गंजलेली तार कचकचली. तुटू नकोस, एवढेच मी स्वतःला सांगत होते.

फोनमधून योगेंद्रचा आवाज आला, ओला झालेला. "आखो वर, माय. आखो जराखा."

तिने ओठ घट्ट मिटले, तार ढकलली आणि सूर पोचला.

"पोचना," तो म्हणाला. "पोचना, माय."

फोन त्यानंतर बराच वेळ चालू होता.

मित्रांनो, माझ्यासारख्या वाद्यांच्या तारा वेळेवर बदला, त्यांना गंजू देऊ नका. आणि घरात कोणाच्या गळ्यात एखादा सूर असेल, तर तो असेपर्यंत शिकून घ्या. मी पुन्हा खिळ्यावर आहे. बारावा फ्रेट अजून कोरा आहे आणि गाडी गेली की मी अजून थरथरते. सातव्या फ्रेटवर रोटाचे पीठ वाळून चिकटले आहे. माझ्यावरची धूळ खुशाल पुसा, पण योगेंद्र येईपर्यंत तेवढे पीठ राहू द्या.