अब्बांचं पाणी

शहाद्याच्या बाजारात अनीसभाईंचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं आणि दुकानामागेच घर. वैशाखातल्या त्या सकाळी शेजारच्या मंगलाबाई धावतच घरात आल्या. "माहेनूर, तुन्हा अब्बा काय करी ऱ्हायना, देख ना!"

माहेनूर पळत दुकानात गेली. अब्बा हातोडा मारत होते, पण समोर पत्राच नव्हता. तिने त्यांचा हात धरला तर ते तिच्याकडे बघतच राहिले. "तू कोणाची गं?"

ती त्यांना तसंच धरून घरात घेऊन आली.

"ऊन लागलं!" अम्मीने, नईमाने, माठातून तांब्या भरला. "घ्या, प्या."

माहेनूरने कपाळाला हात लावला. अंग गार होतं. आणि पाणी तर अब्बा कितीतरी दिवस घटाघटा पीतच होते. ब्लडप्रेशर निघाल्यापासून लघवी वाढवून अंगातलं मीठ काढणारी गोळी चालू होती. डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटलं, तर या हट्टी माणसाने ते पार सोडूनच दिलं होतं.

ती लोणखेड्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होती. शिकलेलं एकदम डोक्यात गर्दी करू लागलं. शरीरातली प्रत्येक पेशी खारट पाण्यात बसलेली असते. बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त. बाहेरचा खार पातळ झाला की पाणी पेशीत शिरतं आणि ती फुगते. मेंदूला मात्र कवटीत फुगायला जागा नसते.

तिने अम्मीच्या हातातला तांब्या हिसकावला.

"वेडी झालीस? वैशाखात बापाचं पाणी तोडतेस?"

"अम्मी, पाण्यानंच झालं असेल हे. दवाखान्यात चल."

"असेल म्हणे! आणि नसलं तर?"

माहेनूर रिक्षा बोलवायला धावली. रिक्षात अब्बा पुन्हापुन्हा पाणी मागत होते आणि ती मान फिरवून बाहेर बघत होती.

डॉक्टर दामिनींनी रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट येईस्तोवर माहेनूर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिली. आपण चुकलो असलो तर? तहानलेल्या बापाला तसंच ठेवलं असलं तर?

"सोडियम फारच खाली गेलंय," डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या. "पाणी थांबवलंत ते बरं केलंत."

"मग भरा ना लवकर!" माहेनूर म्हणाली.

"लवकर भरलं तर फुगलेल्या पेशींतलं पाणी एकदम ओढलं जातं. मेंदूला कायमची इजा होते. हळूहळूच चढवायचं."

मग सलाईनचे थेंब पडायला लागले. एक पडे, दुसऱ्याला युगं लागत. माहेनूर खाटेपाशी बसे, उठे, दारापर्यंत जाई, परत येई. रोग ओळखला होता, औषधही लटकत होतं, तरी जीव काही जागेवर येईना. नर्सने दोनदा हटकलं, तरी तिचे पाय थांबेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बांनी डोळे उघडून छताकडे पाहिलं, मग अम्मीकडे. "नईमा, दुकान उघडं टाकून आलीस?"

अम्मी हसली आणि त्याच दमात रडू लागली. मग तिने दाराशी घुटमळणाऱ्या लेकीला ओढून आपल्याशेजारी बाकावर बसवलं आणि तिची वेणी उगाचच सोडून पुन्हा घालायला घेतली.

"हलू नको," ती म्हणाली.