गाणारीचं नाव

रईसचा हात साऊंडच्या मिक्सरमागे गेला, काहीतरी उचलून खिशात टाकून परत आला, आणि मुजिंगाच्या मनात पाल चुकचुकली.

"काय होतं ते?"

"कुठी काय? जुना पेनड्राईव्ह. तू माईक पाय."

"मायनसच लावला ना, रईसभाई?"

"हाव बावा, मायनस. किती डाव विचारशीन?"

मायनस म्हणजे गाण्यातला आवाज काढून नुसतं वाजवणं ठेवलेली फाईल. ती लागली की गाणाऱ्याला खरोखर गावं लागतं. मुजिंगानं माईकवर दोनदा हॅलो म्हटलं. मांडवाच्या दोन्ही टोकांच्या बॉक्समधून तिचा हॅलो नीट ऐकू आला. तरीही तिचं समाधान झालं नाही. बारा वर्षांत रईसनं दिलेल्या शब्दांपैकी किती खरे निघाले, हे मोजायला एका हाताची बोटंही जास्त झाली असती.

सावली गावाहून आत आठ किलोमीटरवर, तलावाच्या काठी मनसारामचं घर होतं. मासेमारी करणारं कुटुंब. अंगणात जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव घातला होता, जाळी गुंडाळून कुडाला टेकवली होती आणि मनसारामच्या मुलाला, प्रफुलला, पाटावर बसवून सकाळची हळद सुरू व्हायची होती. मनसारामनं रईसला बजावून सांगितलं होतं, की मोबाईलवर जी बाई गाते तीच पाहिजे. मोबाईलवरची बाई म्हणजे आचल. ती तापानं फणफणून दवाखान्यात पडली होती. आता गंमत अशी, की आचल उभ्या जन्मात एक ओळ गायलेली नव्हती.

गायची मुजिंगा.

तिचा जन्म काँगोतल्या लुबुंबाशीचा, पण ते गाव तिला आठवत नव्हतं. बाप तांब्याच्या खाणीत होता. कोळशाच्या खाणीचं काम शिकायला म्हणून तो चंद्रपुरात आला, सोबत आई नसलेली चार वर्षांची पोरगी. शमीमखालाच्या घरात त्यानं खोली घेतली. खाला ब्लाऊज शिवायची. वर्षभरानं बाप कागदपत्रं नीट करायला दोन महिन्यांसाठी म्हणून परत गेला, पोरीला खालाकडे ठेवून. तिकडं लढाई पेटली. ना पत्र आलं, ना फोन. खालानं दोन वर्षं वाट पाहिली आणि मग पोरीला शाळेत घातलं. शाळेत नाव लिहिताना मुजिंगा कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून हजेरीत मंजू झालं, आणि हजेरीतलं नाव गावभर झालं.

चांद्यात, म्हणजे चंद्रपुरातच, वाढलेली ही बाई दुकानात गेली की दुकानदार हातवारे करून तिला भाव सांगायचा. "काऊन भाऊ, मराठी येत नाई का?" ती विचारायची. लोक हसायचे, पण पुढच्या दुकानात पुन्हा हातवारे. दरवर्षी कागद घेऊन कचेरीत उभं राहायचं आणि मूळच्या कुठल्या, या प्रश्नाला तेच उत्तर द्यायचं. अशा जगण्यात माणूस संशयी होतो. कुणी फार गोड बोललं की ती आधी त्याच्या हाताकडे बघायची.

गाणं तिला मोहल्ल्याच्या तोंडाशी मासळी विकायला बसणाऱ्या बायकांनी दिलं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्या हळदीची गाणी म्हणत, आणि मंजू त्यांच्यात बसून माशा हाकलत ती पाठ करी. सोळाव्या वर्षी एका हळदीत तिचा आवाज रईसच्या कानावर पडला. गादीच्या दुकानावरच्या एका खोलीत त्याचा स्टुडिओ होता. चार वर्षं त्यानं तिला इतरांच्या मागे कोरसमध्ये उभं केलं आणि मग पहिलं स्वतंत्र गाणं दिलं: "खिडकीची सीट माही, तू सरक ना रे." ते ब्रह्मपुरीपासून अहेरीपर्यंत प्रत्येक वरातीत वाजलं. पोरं नाचून नाचून चप्पल हरवून बसली.

गाण्याचा व्हिडिओ निघाला तेव्हा बसच्या खिडकीत आचल बसली होती. मुजिंगाचा आवाज तिच्या गोऱ्या चेहऱ्यावर नीट बसवला होता, आणि खाली लिहिलं होतं, स्वर: आचल.

"लोकायले थोबाड पाह्यजे," रईस म्हणाला होता. "आवाज तुझा, थोबाड तिचं. दोघींचं भागलं."

तेव्हा मुजिंगानं ते ऐकून घेतलं, याचा तिला नंतर स्वतःचाच राग आला. त्यानंतर साठेक गाणी झाली. दर गाण्याला पुढच्या गाण्यावर नाव टाकायचा वायदा व्हायचा. आज आचल आजारी पडली म्हणून रईस स्वतः घरी आला होता. "तूच चल. माईकवर तुझं नाव पुकारतो. अन् नवीन गाणं तुझ्याच नावानं, तुझ्याच तोंडानं काढतो." हे खरं व्हावं असं तिला फार वाटत होतं, आणि जितकं वाटत होतं तितकाच तिचा विश्वास बसत नव्हता.

रईसनं माईक घेतला. "तर मंडळी, आपल्या चांद्याचा सुपरहिट आवाज, मंजू."

मांडवात कुजबूज झाली.

"हे ते नोहे व."

"ते तं गोरी हाये."

"बदलून आनली. फसवलं आपल्याले."

प्रफुलची आजी, धुरपताबाई, पहिल्याच रांगेत हळदीची वाटी घेऊन बसली होती. तिनं मुजिंगाला पायापासून डोक्यापर्यंत असं न्याहाळलं, जसं बाजारात माशाचे कल्ले उघडून ताजेपणा पाहतात.

वाजवणं सुरू झालं. मुजिंगा गायला लागली. आवाज बॉक्समधून छान मोकळा येत होता. जरा जास्तच छान. सकाळपासून पिकअपमध्ये धूळ खाऊन तिचा घसा खरखरत होता, आणि बॉक्समध्ये खरखर नव्हती. तिनं रईसकडे पाहिलं. तो मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता.

पोरं नाचायला उठली. बायका नवरदेवाला हळद लावून एकमेकींना लावू लागल्या. या गावात गाणारीलाही हळद लावतात. धुरपताबाई उठली, सरळ मुजिंगापाशी आली आणि हातभर हळद तिच्या दोन्ही गालांवर, ओठांवर चोळली. मुजिंगानं तोंड मिटलं.

गाणं मात्र चालूच राहिलं. "तू सरक ना रे, सरक ना रे," बॉक्स म्हणत होते.

नाचणारी पोरं एकेक करून थांबली. रईसचं लक्ष गेलं तोवर कडवं संपत आलं होतं. त्यानं घाईनं बटण दाबलं आणि मांडवात एकदम शांत झालं. मग हसू फुटलं.

"टेप लावली व माय," कुणीतरी म्हणालं. "कोनाच्या आवाजावर तोंड हालवून राह्यली ते?"

"माहाच आवाज होय," मुजिंगा म्हणाली.

यावर अजून मोठं हसू झालं. इतकी वर्षं तिचा आवाज दुसरीच्या तोंडात होता, आणि आज तो तिच्या स्वतःच्या तोंडात असूनही चोरीचा ठरला होता. खिशात गेलेला पेनड्राईव्ह मायनसचा होता आणि लावला होता तो आवाजासकटचा, हे तिला आता कळलं.

मनसाराम रईसपाशी गेला. "रईसभाऊ, आमाले गाणारी पाह्यजे होती. बाहुली नाई."

"अरे तिचाच आवाज हाये, मनसारामभाऊ. घसा बसला असता म्हून खबरदारी घेतली." मग तो मुजिंगाजवळ येऊन हळूच म्हणाला, "काऊन चिडतेस? तुझाच तं वाजवला."

तिनं माईक त्याच्या हातात दिला. पिशवी उचलली. सरळ रस्त्याला लागून एसटीची वाट पाहायची, एवढंच डोक्यात होतं.

"थांब पोरी," धुरपताबाई म्हणाली. "आवाज तुहा होय म्हनतेस ना? मंग माह्या नातवाची हळद गा. नावं घेऊन. टेपले आमच्या घरची नावं कुठून ठावं?"

मुजिंगा थांबली. तिला यातही काही डाव असेल असं वाटलं. पण ही चाल तिची होती. मासळीच्या टोपल्यांपाशी शिकलेली.

"मायचं नाव सांगा," ती म्हणाली.

"मैना."

मुजिंगानं डोळे मिटले नाहीत. समोरच्या बायकांकडे बघत, बिनमाईकचं, खरखरत्या घशानं तिनं सुरू केलं.

*पह्यली हळद कोनाले, प्रफुल लेकाले गं बाई*
*प्रफुल कोनाचा लेक, मैनाबाईचा गं बाई*

रिवाजाप्रमाणे दुसरी ओळ बायकांनी परत म्हणायची असते. कुणी म्हटली नाही. एक जण मुद्दाम म्हणाली, "मामाचं घे. संघपाल." तिनं संघपाल घेतला. "आत्याचं घे, खुशबू." तिनं खुशबू घेतली. नावं आडवीतिडवी येत होती आणि ती त्यांना ओळीत बसवत होती, एखादं लांबवून, एखादं आखडून. चौथ्या नावाला दोन बायकांनी ओळ उचलली. सहाव्याला सगळ्यांनी.

"आता प्रफुलच्या आज्याचं," धुरपताबाई म्हणाली, आणि तिनं मागे सुनेकडे पाहिलं. नवऱ्याचं नाव ती घेणार नव्हती. तो जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"मुखरू," मागून मैनाबाईनं सांगितलं.

*तलावाच्या पाळीवर मुखरू आजा गं बाई*
*हळदीच्या दिवशी आला, दारी उभा गं बाई*

धुरपताबाईनं पदर तोंडाला लावला. नऊ वर्षांत त्या नावाला कुणी मांडवात बोलावलं नव्हतं. बायकांनी ती ओळ दोनदा म्हटली.

"झालं," मुजिंगा म्हणाली.

"कुठी झालं? गानारीचं नाव अन् माहेर राह्यलं. त्याबिगर हळद उरकत नाई आमच्यात."

मंजू म्हणून मोकळं होता आलं असतं. ते नाव ओळीत झटकन बसलं असतं.

*गानारीन कोन होय, मुजिंगा गं बाई*
*माहेर तिचं चांदा, मुजिंगा गं बाई*

बायका अडखळल्या. "मुजी काय?"

"पुन्हा म्हन," धुरपताबाई म्हणाली.

तिनं पुन्हा म्हटलं. दुसऱ्या वेळी अर्ध्या जणींना जमलं. तिसऱ्या वेळी सगळा मांडव म्हणाला, नीट, न अडखळता. मुजिंगाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते हळदीच्या हातानं पुसलं, त्यामुळे डोळे आणखी चुरचुरले.

रईस लगबगीनं आला. त्यानं सगळं मोबाईलवर उतरवून घेतलं होतं. "हे चालनार. अस्सल माल हाये. आजच टाकतो, तुझ्या नावानं. खुदा कसम."

"कोनत्या नावानं?"

"तुझ्याच."

"सांग ना मंग. काय लिहिशीन?"

रईस हसला. मग त्याचं हसू थांबलं. पहिल्या दिवशी स्टुडिओत तिनं त्याला नाव सांगितलं होतं, आणि कठीण आहे म्हणून त्यानं ते तिथंच सोडलं होतं. आत्ताही बायका म्हणत असताना तो पडद्यावर चेहरे नीट येतात की नाही ते बघत होता. "मं..." तो म्हणाला. मग खाली मान घालून त्यानं व्हिडिओ चालू केला आणि अंगठ्यानं मागे ओढू लागला, बायका तिचं नाव म्हणतात ती जागा शोधत.

"मुजिंगाबाई," धुरपताबाईनं पंगतीतून हाक मारली, "पत्रावळी मांडल्या. जेवाले बस."

ती जाऊन धुरपताबाईच्या शेजारी बसली. पत्रावळीवर भात आला, त्यावर माशाचा रस्सा आला. मांडवाच्या त्या टोकाला रईस अजून ते नाव ऐकायला मोबाईल कानाला लावून उभा होता.