माझे कान झाकू नका

मी एक जुनी, गुडघे कुरकुरणारी घोडी आहे मित्रांनो, आणि सगळ्यात आधी मला माझे कान दाखवायचे आहेत. बघा! पुढे वळले, म्हणजे मी काहीतरी ऐकतेय. मागे चिकटले, म्हणजे लांब राहा. एक पुढे, एक मागे, म्हणजे माझं मन ठिकाणावर नाही. एवढी बडबड करते मी, तरी लोक म्हणतात मुकं जनावर!

माझं नाव स्टेलुत्सा. रोमानियातल्या डोंगरांत तोआदेर आणि सफ्ता या नवराबायकोकडे मी वाढले. उन्हाळ्यात गवत ओढलं, हिवाळ्यात ओंडके. माझा कान हलला तरी तोआदेरला कळायचं. फार सुखाचे दिवस होते ते!

मग जानेवारीतला नदीचा सण आला. त्या दिवशी आमच्याकडे गोठलेल्या नदीतून बर्फ कापून मोठा क्रूस उभा करतात आणि पाद्रीबाबा घोड्यांवर पवित्र पाणी शिंपडतात. मला बघून सगळं गाव म्हणालं, काय घोडी आहे! झालं, तोआदेर घाबरला. इतकं कौतुक म्हणजे दृष्ट लागणारच! दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या कपाळावर लाल लोकरीचे इतके गोंडे बांधले की कान त्यात बुडाले. गळ्यात घुंगुरमाळही चढली.

"माझ्या लग्नात मला एवढं नटवलं नव्हतं हो!" सफ्ता म्हणाली.

"तुला कुठे दृष्ट लागणार होती?" तोआदेर हसला.

पलीकडच्या काठावरून गवत आणायला आम्ही तिघं बर्फावरची घसरगाडी घेऊन निघालो. रात्री बर्फ पडला होता, वर दाट धुकं. नदीच्या मध्यावर माझ्या नाकात पाण्याचा वास शिरला. पाणी! इथे! धुक्यात वाट चुकून आम्ही क्रूसासाठी बर्फ कापलेल्या खड्ड्यापाशीच आलो होतो. त्यावर पातळ पापुद्रा धरला होता आणि खुणेसाठी भोवती रोवलेल्या फांद्या नव्या बर्फात गाडल्या गेल्या होत्या.

मी थिजले. कान ताठ पुढे रोखले, ते गोंड्यांत कुणाला दिसणार? जोरात फुरफुरले, घुंगरांनी ते गिळलं. शेपटी पायांत दाबली, अंग थरथरायला लागलं. मित्रांनो, मी ओरडत होते!

"लागली बघ दृष्ट! थू थू थू! चल गं!" तोआदेर ओरडला.

चाबूक बसला. मी मागे रेटलं. पुन्हा बसला. खुराखाली काहीतरी बारीक करकरलं.

"थांबा हो!" सफ्ता खाली उतरली. "या थंडीत घामाने निथळतेय ती. बघा तरी!"

तिने माझ्या कपाळावरचे गोंडे ओरबाडून काढले. माझे दोन्ही कान एकाच जागी रोखलेले तिला दिसले. तिने गवताचं दाताळं तिकडे भिरकावलं. ते बर्फात पडलं आणि गेलंच. वर आलं ते काळं पाणी.

तोआदेरने चाबूक टाकून दिला. त्याने माझ्या मानेवर हात ठेवला. तो हात माझ्यासारखाच थरथरत होता. ती भाषा मला लगेच कळली.

तेव्हापासून माझे गोंडे गळपट्ट्याला असतात. आता मी काहीच ओढत नाही, पण नदी गोठली की अजून माझं अंग कापतं. मित्रांनो, घाबरलेला जीव आधी अंगानेच बोलतो. चाबूक उचलण्यापूर्वी त्याच्याकडे नीट बघा ना! म्हातारा तोआदेर बघतो. काठी टेकत येतो, माझ्यासमोर उभा राहतो आणि माझे कान सैल पडेपर्यंत हलत नाही.