पाहणीचं घर

पलटणीत लग्न होऊन आलेल्या बाईला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. पाहणी म्हटलं की घर चकाचक. त्यातही आमच्या इमारतीची रीतच न्यारी. माझं क्वार्टर तळमजल्यावर, जिन्याला लागून, म्हणून ते पाहणीचं घर. साहेब येणार कळलं की कुणी पडदे आणून देतं, कुणी गालिचा, कुणी बरी फुलदाणी. साहेब तेवढं एक घर बघतात, खूश होतात, निघून जातात. नाहीतर शेरा नवऱ्याच्या नावावर बसतो.

या वेळी नोटीस लागली, तेव्हा ‘पाहणी’ एवढं वाचून आम्ही बादल्या-फडकी काढली. पुढचं वाचलं ते फक्त धाकटीनं. धाकटी म्हणजे माझ्या वरच्या घरातली. इमारतीत सगळ्यांत नवी, म्हणून सगळ्यांची धाकटी. तिचा नवरा आणि आमचे हे एकाच ठाण्यावर, लांब. तिच्या खोलीच्या भिंतीवर काळी बुरशी, आणि थंडी पडल्यापासून बाळाच्या छातीत शिट्टी वाजते. तिनं रीतसर तक्रारही केली होती.

"वहिनी, ही पाहणी तसली नाही," ती म्हणाली. "बाहेरच्या ऑफिसातल्या मॅडम येणार आहेत. घरं खराब निघाली तर दुरुस्ती होईल, पगारातून भाडं कापतात तेही कमी होईल. आपण आहे तसंच दाखवू या ना."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आहे तसं? नवरे तिकडे छाती काढून उभे, आणि आपण इथे बुरशी दाखवत बसायचं? हात दाखवून अवलक्षण! झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. माझ्याकडे रंगाचा डबा उरलाय, तो ने आणि भिंतीला मारून घे. त्या वर चढल्या तर चारचौघांत शोभा नको."

ती काहीतरी बोलणार होती. मग "बरं वहिनी" म्हणाली आणि डबा घेऊन गेली.

मला कोण सांगणार! बुरशी माझ्याही घरात आहे, निजायच्या खोलीत. पण तिच्यापुढे कपाट उभं आहे, आणि कपाट तिथेच का, हे आजवर एकाही साहेबानं विचारलेलं नाही.

मॅडम आल्या त्या हातात टॉर्च घेऊन, चिखलाच्या बुटांनी. दारातच बूट काढायला लागल्या तेव्हा मी उगाचच सुखावले. आम्ही सगळ्याजणी भिंतीला पाठ लावून उभ्या. धाकटीही होती, कडेवर बाळ.

"छान ठेवलंय हो घर. ओल, गळती काही?"

"छे हो! काऽही नाही," मी म्हणाले. वर हसलेसुद्धा.

"मग प्रश्नच मिटला. तक्रार एकाच घराची आहे. खिडक्या उघडत नसतील, दुसरं काय. ही इमारत चांगल्यात धरते. भाडं पूर्ण, दुरुस्तीची गरज नाही."

बाळाचा श्वास तेवढा ऐकू येत होता, शिट्टी वाजवत. मी धाकटीकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे रागानं बघितलं असतं तर मी निभावून नेलं असतं. ती खाली बघत होती, चूक तिचीच असल्यासारखी. मला इतकी लाज वाटली की कान तापले.

"मॅडम, थांबा," म्हणत मी त्यांना निजायच्या खोलीत नेलं. "ए, कपाटाला हात लावा गं कुणीतरी."

कपाट सरकलं आणि कुबट वास भसकन बाहेर आला. मॅडमनी टॉर्च मारला. भिंत खालपासून छतापर्यंत काळी.

"मग ‘छे हो’ का म्हणालात?"

मी खिडकीचा पडदा नीट करायला लागले.

"हे पडदे तुमचेच ना?"

"नाही. समोरच्या ताईंचे."

"गालिचा?"

"तोही दुसऱ्यांचा."

"मग तुमचं काय आहे इथे?"

"ही भिंत," मी म्हणाले.

कुणी हसलं नाही. मॅडमही नाही. त्या म्हणाल्या, "तक्रारीचं घर दाखवा."

वर गेलो. धाकटीची भिंत पांढरीशुभ्र, एक डागही नाही. मॅडमनी टॉर्च फिरवला आणि कपाळाला आठी घातली. "इथे तर काहीच दिसत नाही."

"आहे," धाकटी हळूच म्हणाली. "मी कालच रंगवली."

"का?"

माझं नाव तिनं घेतलं नाही. एवढंच म्हणाली, "रंगाचा वास बाळाला सोसेना. त्याला घेऊन रात्रभर जिन्यात बसले होते मी."

जिन्यात! म्हणजे माझ्याच दाराशी. आणि मी आत परक्या गालिच्याला पाय लागू नये म्हणून भिंतीच्या कडेनं चालत होते.

"रंग मी दिला," मी म्हणाले. "लपव म्हणून मीच सांगितलं."

तिच्या स्वयंपाकघरात गेले, उलथनं उचललं आणि भिंत खरवडायला घेतली. पांढरे पापुद्रे पायावर पडायला लागले. खालून काळं निघालं. थोडं नाही, खरवडू तिथे निघालं. मॅडम "पुरे, दिसलं मला" म्हणाल्या तरी माझा हात थांबेना.

मागून धाकटी म्हणाली, "राहू द्या वहिनी, हाताला लागेल तुमच्या."

मी खरवडत राहिले. मागे वळून तिला तोंड दाखवायची माझी छाती झाली नाही.