गोंद न धरणारं हातड्रिल

मित्रांनो, गेल्या शुक्रवारी सकाळपासून मी तीनदा पडलो. पाठीला गोंद फासलेला आणि दात चिकट झालेले, अशा अवस्थेत टेबलाखाली पडून होतो. मी एक जुनं हातड्रिल. माझी मूठ धरून बाजूचा दांडा फिरवला की मोठं दातेरी चाक फिरतं आणि पुढचं पातं लाकडात भोक पाडतं. मला वीज लागत नाही.

ज्या कारखान्यात मी घडलो तिथलं फारसं आठवत नाही. खरं आयुष्य सुरू झालं ते मिस्त्रींच्या हातात. ते दारं-खिडक्या बसवायचे. दर आठवड्याला मला तेलाचे दोन थेंब मिळायचे. गंजाचा ठिपका दिसला, तर ते ताट वाढलेलं सोडून मला घासत बसायचे. पुढे सगळ्यांनी विजेची यंत्रं घेतली. मिस्त्री म्हणायचे, "घेऊ की. हे दमलं की घेऊ." मी दमलो नाही. दमले ते. चार महिन्यांपूर्वी ते गेले आणि मी पेटीत पडून राहिलो.

मिस्त्रींच्या बायकोला हत्यारं डोळ्यांसमोर नकोशी झाली. "शनिवारी शेजारचा सुतार येऊन सगळं घेऊन जाईल," त्यांनी लेकीला कळवलं. लेक शाळेत चित्रकला शिकवते. ती रजा काढून आली. म्हणाली, "आई, एक चित्र करते. त्यात लागतील ती राहू देत, बाकीची दे."

चित्र स्टीमपंक पद्धतीचं होतं. वाफेच्या यंत्रांचंच राज्य अजून असतं, तर जग कसं दिसलं असतं, अशी कल्पना करून चाकं, नळ्या, घड्याळांचे तुकडे यांची मांडणी करतात, ती ही पद्धत. तिने प्लायवूडच्या फळीवर चहात बुडवलेला कागद चिकटवला. चुरगळलेल्या चंदेरी कागदाला काळा रंग देऊन पुसला, तर तो जुन्या पत्र्यासारखा दिसू लागला. इथवर ठीक होतं. मग तिने लोखंडाचा कीस, मीठ आणि व्हिनेगर एका बाटलीत घातलं. मला कळेना, हे कशासाठी? खराखुरा गंज तयार करून कागदावर ओतण्यासाठी!

आई दारातून म्हणाली, "बापाने जन्मभर गंज घासला, आणि लेक बाटलीत गंज मुरवतेय."

लेक बाटली हलवत राहिली.

मला मध्यभागी बसवायचं होतं. पण इतकं तेल प्यायलेल्या लोखंडाला गोंद कसा धरणार? तिने साबणाने पुसलं, वाळवलं, चिकटवलं. मी पडलो. पुन्हा पुसलं, तर दातांच्या फटीतून तेल परत पाझरलं. तिसऱ्यांदा पडताना मी तो चंदेरी कागद फाडला. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "बाबा, आता तरी सोडा की." चिडून म्हणाली. मीही चिडलो होतो. चिकटलो तर पुन्हा कधी फिरणार नाही, आणि न चिकटलो तर उद्या सुतार.

शेवटी मला तारेने बांधायचं तिने ठरवलं. तारेसाठी फळीला चार भोकं हवी होती. घरात भोकं पाडायला दुसरं काही नव्हतं.

तिने टाचणीने माझ्या दातांतला गोंद उकरला. पातं नीट आवळलं नव्हतं, ते घसरलं. पुन्हा आवळलं. तिने इतका जोर लावला की मी अडकलो. मग ती थांबली आणि स्वतःशीच म्हणाली, "जोर नको, नुसतं फिरवत राहायचं." लहानपणी मिस्त्री तिला हेच सांगायचे. मी फिरू लागलो. घर्र, घर्र. लाकडाचा भुसा कागदावर पडला. चार भोकं झाली.

आवाज ऐकून आई दारात येऊन उभी होती. केव्हापासून, कोण जाणे.

"आता ह्याला बांधते," लेक म्हणाली.

आई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बांधायच्या आधी न्हाणीघराच्या चौकटीवरची निखळलेली खुंटी बसव. चार महिने टॉवेल दारावर टाकतेय मी."

मित्रांनो, खुंटी बसली, थोडी वाकडी. सुतार बाकीचं घेऊन गेला. चित्राच्या मध्यभागी चार भोकं तशीच आहेत आणि तिथे काय लावायचं यावरून लेकीची चिडचिड अजून चालू आहे. मी स्वयंपाकघराच्या खणात असतो. तुमच्या घरात कुणाचं हत्यार पडून असेल, तर ते भिंतीवर लावण्याआधी एकदा चालवून बघा. अडखळलं तर तेल द्या. दोन थेंब पुरतात.